बाईकचं अलाइनमेंट घरी तपासायला काय घ्यावं? दोन चौकोनी पाईप, लाईनदोरी आणि लेझर, तिन्ही वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो. बाईकचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आहे का हे घरी बघायचं असेल तर अ‍ॅल्युमिनियम सेक्शनच्या दुकानातनं दोन-दोन मीटरचे दोन चौकोनी पाईप आणा, ऑनलाइन मिळणारा लेझर मागवू नका. मी दोन्ही घेतलंय, माझ्या पल्सर १५० ला आणि आण्णांच्या स्प्लेंडरला लावून बघितलंय, गवंड्याची लाईनदोरी पण ताणून बघितली. सांगलीत चारचाकीचं अलाइनमेंट करायचं म्हटलं तर मशीनवाले भरपूर, पण दुचाकीला कोण मशीन लावत नाही, तिथं सगळं मिस्त्रीच्या नजरेवर आणि चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांवरच्या) खुणांवर चालतंय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

त्या खुणांचंच आधी बघू. चेन टाईट करताना मिस्त्री काय करतो, मागच्या चाकाच्या दांड्याचा, म्हणजे एक्सलचा, नट सैल करतो, दोन्ही बाजूचे, चाक मागं-पुढं सरकवणारे, अ‍ॅडजस्टर फिरवतो, डावीकडं तिसऱ्या खुणेवर आलं की उजवीकडं पण तिसऱ्या खुणेवर आणतो आणि नट आवळतो. यात मिस्त्रीची काय चूक नाही, त्याच्याकडं दारात गाड्यांची रांग असते आणि बहुतेक वेळा खुणेवर काम भागतं पण. पण खूण म्हणजे पत्र्यावर ठोकलेली एक जाड रेघ, ती दोन्ही बाजूला मायक्रोमीटर लावून ठोकलेली नसते, त्यात अ‍ॅडजस्टरची पट्टी जराशी वाकलेली, वर काळ्या मातीचा आणि चेन ऑइलचा थर, आणि आपण वाकून तिरकं बघणार. एक मिलिमीटर इकडं तिकडं सहज होतंय.

एक मिलिमीटरनं काय होतंय म्हणाल तर हिशोब करून बघा. चिमट्याच्या दोन बाजूंत साधारण २० सेंटीमीटर अंतर धरा, आणि मागच्या एक्सलपासून पुढच्या एक्सलपर्यंत साधारण १.३ मीटर. म्हणजे एक्सलच्या एका टोकाला १ मिमी फरक पडला की तीच तिरकी रेघ पुढच्या चाकापर्यंत जाईस्तोवर साडेसहा मिमी सरकलेली असते. गाडी मग सरळ रस्त्यावर पण हँडल किंचित एका बाजूला धरून चालवावी लागते, चेनच्या आतल्या पट्ट्या स्पॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, दाताला एकाच बाजूनं घासत राहतात, आणि चेन किट वेळेआधी जातं. माझ्या गाडीच्या मागच्या स्पॉकेटच्या दातांना एकाच अंगाला चकाकी आलेली दिसली, तिथनं हे सगळं सुरू झालं. ही खूण तुम्ही पण बघा, काहीच सामान लागत नाही, नुसता टॉर्च मारायचा आणि दाताच्या दोन्ही अंगांची चकाकी सारखी आहे का बघायचं.

आता पाईप. सांगली-मिरजेत स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांना माल देणारी सेक्शनची दुकानं आहेत, नाहीतर सरळ एखाद्या खिडक्या करणाऱ्याकडंच जायचं, त्याच्याकडं उरलेले तुकडे असतात. मी एक इंची चौकोनी घेतला, वजनावर देतात, कापून दोन्ही मिळून पाचशेच्या आत आलं. दोन बाय एक मिळाला तर अजून चांगला, कमी लवतो, पण महाग पडतो. लांबी दोन मीटर सांगा, साडेसहा फूट. कमी घेऊ नका, कारण पाईप मागच्या टायरच्या मागच्या अंगापासून पुढच्या टायरच्या पुढच्या कडेच्या पुढं निघाला पाहिजे. काहीजण जुन्या ट्यूबलाईटच्या नळ्या वापरतात पण चार फुटी नळी पुढच्या चाकाच्या मागच्या कडेलाच संपते, शिवाय काच, घरात पोरं असली तर नकोच. लोखंडी चौकोनी पाईप स्वस्त आहे पण तो बऱ्याचदा दुकानातच वाकलेला असतो आणि जड. गवंडी प्लास्टर ओढायला वापरतात ती अ‍ॅल्युमिनियमची पट्टी नवीन आणि लांब असेल तर चालते, वापरलेली नको, तिच्या कडा खाल्लेल्या असतात.

दुकानातच पाईप सरळ आहे का बघून घ्यायचं, आणि यासाठी दुसरं कुठलंच माप लागत नाही. दोन्ही पाईप एकाला एक चिकटवून उजेडाकडं धरायचे, मधनं फट दिसते का बघायचं. मग त्यातला एकच पाईप त्याच्या लांबीभोवती अर्धा फिरवायचा, म्हणजे जी बाजू बाहेर होती ती आत येईल, आणि परत चिकटवून बघायचं. दोन्ही वेळा उजेड येत नसेल तर दोन्ही पाईप सरळ. पहिल्यांदा जुळले आणि फिरवल्यावर फट पडली म्हणजे दोघं सारखेच वाकलेत, बदलून मागा. दुकानदार जरा वैतागतो, पण देतो. ही एक गोष्ट केली नाही तर पुढचं सगळं मोजमाप फुकट आहे.

बाकी सामान घरातलंच. सहा इंची स्टीलची पट्टी, पाईप टेकवायला चार लाकडी ठोकळे किंवा विटा, आणि जुन्या ट्यूबचे कापलेले दोन-तीन रबर. रबर बाजारातनं आणू नका, कुठल्याही पंक्चरवाल्याकडं फाटलेली ट्यूब मिळते, तिच्या रुंद चकत्या कापल्या की पाईप टायरला इतके घट्ट बसतात की बस.

लावायची पद्धत अशी. गाडी सपाट फरशीवर डबल स्टँडला. साईड स्टँडला अजिबात नको, तिरक्या गाडीवर काहीच खरं निघत नाही. दोन्ही पाईप मागच्या टायरच्या दोन अंगांना, जमिनीपासून साधारण १० सेंटीमीटर उंचीवर, ठोकळ्यांवर टेकवून. ही उंची मुद्दाम, यापेक्षा वर घेतलं की स्टँडचा आडवा दांडा मध्ये येतो, खाली घेतलं की टायरचा फुगवटा सुटतो. पाईप टायरला दोन ठिकाणी टेकला पाहिजे, चाकाच्या पुढच्या अंगाला एक आणि मागच्या अंगाला एक, आणि टेकतोय तिथं टायरवरची उठावाची अक्षरं येऊ देऊ नका, एका अक्षरानं पण पुढं जाऊन दोन-तीन मिमीचा फरक पडतो. मग मागून आणि पुढून रबर अडकवायचे. आता पाईप मागच्या चाकाचाच भाग झाले, चाक जिकडं वळेल तिकडं पाईप वळणार, आणि पुढं जाऊन ते पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूला उभे राहणार.

पल्सरला पुढं ८०/१०० आणि मागं १००/९० चा टायर येतो, म्हणजे मागचा २० मिमीनं जास्त रुंद, त्यामुळं पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूला साधारण १०-१० मिमी गॅप यायला हवं. हा आकडा अंदाजाचा, कंपनी बदलली की टायरची खरी रुंदी थोडी बदलते, बघायचं ते फक्त दोन्ही बाजू सारख्या आहेत का. आधी हँडल हळू हळू हलवून पुढचं चाक पाईपला समांतर आणायचं, म्हणजे एकाच बाजूला टायरच्या मागच्या कडेला आणि पुढच्या कडेला पट्टी लावून सारखं माप आलं पाहिजे. हे जमलं की मगच डावी-उजवी तुलना. नाहीतर तुम्ही मागचं चाक मोजताय असं वाटतं आणि मोजताय हँडलचा तिरकेपणा.

पहिल्यांदा लावलं तेव्हा धाकटा भाऊ पट्टी धरून खाली बसला आणि म्हणाला, "दादा, डावीकडं पाच आणि उजवीकडं सतरा, तू खुणा बघ बरं एकदा." खुणा बघितल्या, दोन्हीकडं तंतोतंत सारख्या. गॅरेजातनं चेन टाईट करून आणल्याला फार काळ झाला नव्हता आणि चेनचा प्ले, म्हणजे ढील, पण बरोबर होता. म्हणजे खुणेनं सगळं ठीक आणि पाईपनं पुढच्या चाकापाशी ६ मिमीचा सरक (दोन्हीकडं अकरा-अकरा यायला हवं होतं), एक्सलच्या टोकाला जेमतेम एक मिमी. हा फरक नुसत्या डोळ्यानं कुणालाच दिसला नसता.

सुधारायचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, ज्या बाजूला गॅप कमी त्या बाजूचं एक्सलचं टोक मागं गेलं पाहिजे, किंवा समोरच्या बाजूचं पुढं. कुठलं करायचं हे चेनवर ठरवा. आपल्या बहुतेक गाड्यांना चेन डावीकडं, म्हणून चेनचा ताण डाव्या अ‍ॅडजस्टरनं बसवायचा आणि अलाइनमेंट उजव्यानं. माझा ताण बरोबर होता म्हणून डाव्याला हात लावला नाही, एक्सलचा नट सैल केला, उजवा अ‍ॅडजस्टर थोडा जास्तच सोडला, चाक मागून ढकलून पुढं घेतलं आणि मग अ‍ॅडजस्टर हळू हळू आवळत माप जुळेपर्यंत आणला. शेवटची हालचाल नेहमी आवळायची ठेवा, सोडायची नको, नाहीतर आट्यातली ढील तशीच राहते आणि नट आवळताना चाक सरकतं. आणि घाई नको, आठ एमएमच्या नेहमीच्या आट्याचा बोल्ट पूर्ण एक फेरा फिरला की सव्वा मिमी सरकतो, म्हणजे षटकोनी नटाची एक कड फिरवली तरी पुढच्या चाकापाशी जवळपास दीड मिमी फरक दिसतो. पाना किंचित हलवायचा आणि परत मोजायचं.

इथंच पाईपचा खरा फायदा कळतो. अ‍ॅडजस्टर फिरवला की पाईप चाकाबरोबर वळतात, भाऊ पुढं बसून माप सांगतोय, मी मागं पाना फिरवतोय, लगेच आकडा बदलतो. अकरा-अकरा आलं. मग चाक अर्धा फेरा फिरवून परत लावून बघा, कारण टायर रिमवर थोडा वाकडा बसलेला असू शकतो किंवा रिमला आउट, म्हणजे वाकडेपणा, असू शकतो, दोन्ही वेळच्या मापाची सरासरी धरायची. एक-दोन मिमीचा फरक राहिला तर राहू दे, तेवढ्यानं चालवताना काही कळत नाही.

लाईनदोरीबद्दल. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते, गणपती पेठेत तर पावलोपावली, नगण्य पैसे. मागच्या टायरला मागून वेढा घालून दोन्ही टोकं पुढं आणायची, पुढच्या चाकाच्या पुढं दोन जड वस्तूंना बांधायची, आणि दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकेल इतपत आत-बाहेर करायची. तत्त्व तेच, उत्तर पण तेच येतं, माझ्याकडं पाईपपेक्षा एखादा मिमीच इकडं तिकडं आलं. नुसतं तपासायचं असेल तर दोरी पुरेशी आहे आणि ज्याला पैसे घालायचे नाहीत त्यानं बिनधास्त दोरीच वापरावी. पण सुधारायला बसलं की त्रास, कारण चाक जरा हललं की दोरी परत पहिल्यापासून लावायची, वाऱ्यानं हलते, पट्टीचा धक्का लागला तरी वाकते. एका माणसाचं काम नाही, आणि दोन माणसं असली तरी कंटाळा येतो.

स्प्लेंडरला वेगळीच अडचण, तिला पुढं-मागं दोन्हीकडं ८०/१०० चाच टायर, त्यामुळं पाईप मागं टेकला की पुढं पण टेकतो, गॅपच उरत नाही आणि चाक तिरकं असेल तर पुढचा टायरच पाईपला ढकलून धरतो. यावर उपाय म्हणून एकाच प्लायच्या पट्टीतनं चार सारखे ठोकळे कापले, १२ मिमीचे, आणि मागच्या टायरला पाईप टेकतो त्या चार ठिकाणी मध्ये घातले. आता पुढं दोन्ही बाजूला १२ च्या आसपास गॅप मिळतं आणि मोजता येतं. ठोकळे एकाच तुकड्यातले हवेत, वेगवेगळ्या जाडीचे घातले तर सगळं तिरकं येणार. आण्णा आधी म्हणत होते "अरे एवढी वर्षं चालली की, आता काय मोजतोस", पण त्यांची गाडी खरंच बरोबर निघाली, जेमतेम एक मिमीचा फरक, आणि ते ऐकून त्यांना जो आनंद झाला तो बघण्यासारखा होता.

आता लेझर. हजाराच्या वर गेला मला. छोटी अ‍ॅल्युमिनियमची क्लिप असते, मागच्या स्पॉकेटला बाजूनं आवळायची, बटण दाबलं की लाल ठिपका चेनवरनं पुढं जातो, ठिपका चेनच्या मधोमध राहिला तर स्पॉकेट सरळ. दिसायला भारी, लावायला एक मिनिट लागत नाही, एकट्यानं होतं, हे त्याचे गुण मी मान्य करतो. पण आधी तो लेझर स्वतः सरळ आहे का हे कोण सांगणार? मी पाईपच्या कडेला क्लिप सपाट बसवून ठिपका पाईपलगत सोडला आणि दुसऱ्या टोकाला अंतर मोजलं, दोन मीटरला ४ मिमी बाहेर जात होता. चेनच्या लांबीपुरतं हे जास्त वाटणार नाही, पण तोच कोन पुढच्या चाकापर्यंत नेला तर अडीच मिमीच्या वर होतो, म्हणजे ज्या फरकासाठी आपण बसलोय त्याचा मोठा भाग यंत्रच खाऊन टाकतंय. दिवसा उन्हात ठिपका दिसत नाही, संध्याकाळीच वापरायचा. आणि स्प्लेंडरसारख्या फुल चेन कव्हरच्या गाडीला आधी कव्हर उतरवा, मग लेझर, म्हणजे एका मिनिटाचं काम कुठल्या कुठं गेलं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लेझर फक्त मागचं स्पॉकेट बघतो, पुढच्या चाकाचा त्याला पत्ताच नाही. चेनपुरतं त्याचं म्हणणं खरं असेल, पण गाडी सरळ चालण्यासाठी दोन चाकं एका रेषेत हवीत. निरोगी गाडीत दोन्ही उत्तरं एकच येतात. चाकं पाईपनं जुळवली आणि तरी चेन उघड तिरकी दिसतेय, असं झालं तर मात्र अ‍ॅडजस्टरशी खेळत बसू नका, कुठंतरी चिमटा वाकलाय, किंवा त्याच्या सांध्यातला बुश गेलाय, किंवा स्पॉकेट नीट बसलेलं नाही, तिथं चांगला मिस्त्रीच लागतो. तसंच चाकं जुळली आणि तरी सरळ जाताना हँडल वाकडं दिसतंय तर बहुधा गाडी कधीतरी पडून पुढचे शॉकअप टी मध्ये, म्हणजे हँडलखालच्या पकडीत, पिळलेत, ते मागून सुधारणार नाही. म्हणून माझ्या मते ज्याच्याकडं पाईप आहेत त्याला लेझर जोडीला घेता येईल, पण लेझर घेऊन पाईप टाळता येणार नाहीत.

पाईप लावायच्या आधी मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं हलवून बघा. खटखट आवाज आला तर बेअरिंग किंवा चिमट्याचा बुश ढिला आहे, आज जुळवलेलं उद्या टिकणार नाही. आपल्याकडं २०१९ च्या पुरात पाण्यात राहिलेल्या गाड्या अजून फिरतायत, सेकंडहँड घेतली असेल तर हे आवर्जून बघा. सेकंडहँड गाडी घेतानाच पाईप लावून बघायला मिळाले तर सोनं, पण विकणारा तयार पाहिजे.

आणि हे फार मनापासून सांगतोय, गाडी स्टँडवर घेऊन इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवत चेनजवळ हात नेऊ नका, कापड पण नेऊ नका. चेन आणि स्पॉकेटच्या मध्ये बोट गेलं तर ते परत येत नाही. सगळं काम इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हातानं फिरवून. गाडी सरळ चालते का बघायला रस्त्यावर हँडल सोडून बघणारे पण असतात, ऊसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते जागोजागी खचलेले असताना तर हे अजिबात करू नका, पाईप घरात सगळं सांगतात.

शेवटी एक्सलचा नट आवळताना चाक थोडं सरकतंच, म्हणून पाईप काढायच्या आधी नट पूर्ण आवळा, मॅन्युअलमध्ये जो टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, दिलाय तेवढा, आणि आवळल्यावर परत दोन्ही बाजू मोजा. मागं ड्रम ब्रेक असेल तर चाक मागं गेल्यामुळं ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि ब्रेक चिकटून राहतो, तो नट सोडून चाक मोकळं फिरतंय बघा, पुढं घेतलं असेल तर उलट ब्रेक ढिला होतो. चेनचा प्ले परत एकदा, चाक फिरवत तीन-चार ठिकाणी, कारण जुनी चेन सगळीकडं सारखी ताणलेली नसते, जिथं सगळ्यात घट्ट तिथं मॅन्युअलमधलं माप आलं पाहिजे. नट सुटू नये म्हणून घातलेली कॉटर पिन असेल तर नवीन घाला. आणि पहिली छोटी चक्कर, तासगाव रोडला म्हणा किंवा मिरजेपर्यंत, मारून आलात की एक्सलच्या नटाला आणि दोन्ही अ‍ॅडजस्टरच्या लॉकनटांना पाना लावून बघा.